पपईच्या कॅलेंडरवरची भट्टी

थूलकाकाजींच्या भट्ट्यांना नंबर नव्हते, चित्रं होती. पपईवाली, ट्रॅक्टरवाली, दोन मोरांची, हसऱ्या बाळाची. मडकी भाजायच्या भट्टीचा नकाशा ते जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढायचे, आणि पुढच्या बाजूला जे चित्र असेल तेच त्या भट्टीचं नाव पडायचं. कागद मोठा, गुळगुळीत, वरती पत्र्याची पट्टी, त्यामुळे बांधकामावर खिळ्याला टांगता येतो. वाऱ्यानं उलटला की गवंड्यांना पपई दिसते, सुलटला की भट्टी. मी केंद्रात नवीन लागले त्या दिवशी साहेबांनी मला पहिलं काम सांगितलं ते असं, "मॅडम, थूलांकडून पपई घ्या आणि कॉम्प्युटरमध्ये टाका." मला वाटलं, हा माणूस सकाळीच बिघडलेला दिसतो.

आमचं केंद्र म्हणजे वर्ध्याजवळची एक लहानशी संस्था. खेड्यातल्या कुंभारांना, बायांच्या बचत गटांना भट्ट्या बांधून देणं हे तिचं काम. मी सेलूची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, आणि स्वभावानं तिरसट. हे शेवटचं मी सांगत नाही, केंद्रातले सगळेच सांगतात. दौलत थूल हे केंद्राचे भट्टी मिस्त्री. नालवाडीला राहायचे, सायकलवर यायचे. उंच, वाळके, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर कायम विटेची लाल भुकटी. सगळं वर्धा त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले.

त्यांच्या हातात एक बांबूची काठी असायची. तिच्यावर चाकूनं खाचा केलेल्या होत्या. त्या इंचाच्या नव्हत्या, सेंटिमीटरच्या तर नव्हत्याच. त्या विटांच्या होत्या. एका अंगानं विटेची लांबी, दुसऱ्या अंगानं थराची जाडी. जगातली प्रत्येक वस्तू ते त्या काठीनं मोजायचे. टेबल पाच विटांचं, दरवाजा सव्वीस थरांचा. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नखशिखांत बघून म्हणाले, "वीस थराची बाई हाये, पन आवाज चाळीस थराचा दिसते." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना ते कळलंही नाही.

कुंभार नव्हते ते. भट्टीच्या कामात कसे शिरले असं मी एकदा विचारलं तर सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाले, "माह्या बापाच्या हातचं पानी गावात कोनी पेत नोतं. आता माह्या भट्टीतल्या माठाचं पानी सारं गाव पेते." एवढं बोलून काठीनं पुढची भिंत मोजायला लागले. रागानं बोलले नव्हते, अभिमानानंही नाही. एखादं माप सांगावं तसं सांगितलं.

कमानीचं मात्र त्यांचं एक कडक शास्त्र होतं. भट्टीच्या डोक्यावर विटांची कमान असते. ती बांधताना खाली लाकडी साचा ठेवतात, विटा त्याच्यावर चढवत नेतात, मधली शेवटची वीट ठोकून बसवतात, आणि काही दिवसांनी साच्याखालच्या पाचरी काढून साचा उतरवतात. तो क्षण खरा. कमान उभी राहते, नाहीतर खाली येते. बाकीचे मिस्त्री पाचरीला दोरी बांधून लांबून ओढतात. काकाजी आत बसून पाचर काढायचे. साचा उतरला की जाळ घालायच्या तोंडातून त्यांना आत चहाचा कप द्यायचा, आणि तो संपेपर्यंत ते कमानीखालीच बसून राहणार. "कमान बसायले एक कप लागते," म्हणायचे. कमान ज्याची, आत तो, हा त्यांचा कायदा. मडकी रचायला बाया त्याच कमानीखाली तासन्तास बसतात, मग बांधणाऱ्यानं एक चहाभर बसायला काय हरकत आहे? दोरीवाल्या मिस्त्र्यांबद्दल एकच शेरा असायचा, "आपल्याच कमानीले भेते, अन् लोकाइच्या बायका तिच्याखाली बसवते."

मी आले त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे वरून पत्र आलं, की यापुढे भट्टीचे नकाशे हातानं काढलेले चालणार नाहीत, कॉम्प्युटरवरचे पाहिजेत. दुसरी म्हणजे काकाजींचे डोळे. चाळीस वर्षं भट्टीच्या भोकातून आतला जाळ पाहून पाहून दोन्ही डोळे बिघडले होते. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालं होतं, दुसऱ्याचा आता पडदाच कामातून गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता जाळापाशी जायचं नाही, आणि बांधकामावर तर मुळीच नाही.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एक वाईट प्रकार घडला होता. तो त्यांनी मला एकदाच सांगितला. सेलूकडच्या एका गावात ट्रॅक्टरवाली भट्टी बांधायची होती. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे काकाजी गेले नाहीत, कॅलेंडर पाठवलं. तिथल्या मिस्त्र्यानं रेघा बरोबर वाचल्या. भिंत जिथं संपायची तिथंच संपवली. पण तेवढ्या मापात पुऱ्या विटा बसेनात, म्हणून जिथं कमान भिंतीवर टेकते नेमका तिथं विटा तोडून तुकडे भरले. दोरी बांधून साचा ओढला. कमान पडली नाही. ती पडली तीन दिवसांनी, बेबीताई नावाची बाई आत मडकी रचत असताना. बाई वाचली, पाय मोडला.

"मी दर महिन्याले जातो तिच्या घरी," काकाजी म्हणाले. "मले पाहून ते उठून उभी राह्यते, लंगडत. म्हनते, बसा काकाजी. बापा, तेच मले सहन होत नाई."

मग म्हणाले, "मी सांगाले नसलो तरी माही भट्टी कोनाच्या अंगावर पडू नये. तुह्या मशीनमंदी हे होते का, तेवढं सांग."

असा हा प्रश्न होता. सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्याकडे होतं, पण मला काय सोयीचं हे महत्त्वाचं नव्हतं. ज्या काळजीनं एका म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नव्हती, ती त्या मशीननं मिटवायला पाहिजे होती.

पहिलं सॉफ्टवेअर दाखवायला नागपूरहून एक तरतरीत गृहस्थ आले. महागडं, मोठ्या मोठ्या कंपन्या वापरतात असं. साहेबांचा जीव त्याच्यातच अडकलेला. गृहस्थांनी पडद्यावर भट्टी उभी केली, तिच्यावर ऊन पाडलं, सावली पाडली, आणि बोटानं गरागरा फिरवली. साहेब म्हणाले, "वा!" काकाजी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

"फिरवून काऊन राह्यले, सायब?" त्यांनी विचारलं. "भट्टी का नाचनार हाये?"

गृहस्थ हसले. म्हणाले, सगळ्या बाजूंनी बघता येते.

"मंग हे सांगा, या भिंतीत विटा किती?"

गृहस्थांनी भिंतीवर टिचकी मारली, घनमीटरचा आकडा आला. "याला एका विटेच्या घनफळानं भागायचं."

"भागू नका. दाखवा. कमान टेकते तो तेरावा थर हाये. त्याच्या कोपऱ्यात पुरी वीट येते का तुकडा?"

ते काही केल्या दाखवता येईना. म्हणजे येत असेलही, त्या सॉफ्टवेअरला काय येत नाही! पण त्या गृहस्थांनी भिंत म्हणून एक सबंध ठोकळा उभा केला होता, आणि ठोकळ्यात वीट कुठून दिसणार? काकाजी उठले, टोपी झटकली, म्हणाले, "सायब, तुमची भट्टी लय देखनी हाये. पन ते विटेची नाई." आणि सायकल घेऊन घरी गेले.

दुसरं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. आमच्या डिप्लोमाला शिकवलं होतं तसंच, सरळ रेघांचं. मी पपईवाली भट्टी चार दिवसांत त्याच्यात काढली, मापं लिहिली, आणि मोठ्या तोऱ्यात पुढे ठेवली. काकाजींनी भिंग लावून पाहिलं. "बेस हाये. माह्यापेक्षा सरळ रेघा." मग भिंग खाली ठेवलं. "पन ट्रॅक्टरवाल्या कागदावर बी रेघा सरळच होत्या, पोरी." मला राग आला. पण राग कुणावर काढणार? खरं होतं ते.

तिसरं मी स्वतः शोधलं. तेही फुकटचं, लहानसं, लोक त्यात घरातली कपाटं वगैरे काढतात. त्याची एक गंमत अशी की त्यात एक वस्तू एकदा बनवायची आणि मग तिच्या हव्या तेवढ्या नकला ठेवायच्या. मूळ वस्तू बदलली की साऱ्या नकला बदलतात. मी एक वीट बनवली. काकाजी शेजारी येऊन बसले. दुसरी वीट ठेवली, तिसरी ठेवली. पहिला थर लागला. दुसऱ्या थराला मी वीट विटेच्या बरोबर डोक्यावर ठेवली, तर त्यांनी काठी पडद्यावर आपटली.

"सांधा मोड! सांध्यावर सांधा नाई येऊ देत, माय!"

मी वीट अर्धी सरकवली. त्यांनी काठी खाली ठेवली. दहाला बसलेला माणूस जेवायच्या सुट्टीपर्यंत हलला नाही. तिसरा थर, चौथा थर, जाळ घालायचं तोंड, धूर जायची वाट. मधेच म्हणायचे, "अठी दोन विटांची जागा सोड, हात जाले पाह्यजे." तेराव्या थराच्या कोपऱ्यात आलो तेव्हा वीट भिंतीबाहेर चार बोटं निघाली. मी भिंतीच्या मापाला ती कापायला निघाले.

"कापू नको. भिंत सरकव. विटेले नाई सरकवत, भिंतीले सरकवते."

भिंत चार बोटं वाढवली. पुरी वीट बसली. काकाजींनी खिशातून रुमाल काढून त्या वाईट डोळ्याचं पाणी पुसलं आणि साहेबांना हाक मारली. "सायब, बाकीचे दोघं चित्र काढते. हे बांधते. हेच घ्या."

साहेबांना ते रुचलं नाही. फुकटच्या गोष्टीवर त्यांचा मुळातच विश्वास नाही. शेवटी म्हणाले, हिंगणीच्या बचत गटाला भट्टी हवीच आहे, ती यावर बांधून दाखवा. काकाजींनी तिकडे पाऊल टाकायचं नाही. भट्टी उभी राहिली तर हे, नाहीतर नागपूरवालं.

मी नकाशा थराथरानं छापला. चोवीस थर, चोवीस कागद. प्रत्येक कागदावर त्या थरातली वीट न् वीट. हिंगणीच्या गटाच्या सुनंदाताई, त्यांच्या सात-आठ बाया आणि गावातलाच एक मिस्त्री, एवढ्यांनी काम सुरू केलं. चार दिवसांनी सुनंदाताईंचा फोन आला.

"बाई, तुमच्या कागदावर वीट पुरते. आमच्या भिंतीत पुरून नाई राह्यली. पयल्या थरालेच अर्ध्या विटेचं भोक पडून राह्यलं."

काकाजी समोरच होते, त्यांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तू कोनती वीट मोजली होती?"

मी दाराकडे बोट दाखवलं. आमच्या ऑफिसचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून तिथं एक वीट कायम लावून ठेवलेली असायची. मी तीच उचलून पट्टीनं मोजली होती, मिलिमीटरपर्यंत.

काकाजी हसायला लागले ते थांबेचनात. टोपी खाली पडली. "अवं माय, ते वीट तं मीच आनून ठेवली अठी! हजार विटांतून निवडून! सायबाच्या दाराले शोभली पाह्यजे म्हनून साऱ्यात मोठी अन् साऱ्यात सरळ पाहून आनली होती!"

मी हसले नाही. मला रडू येत होतं.

मग त्यांनी फोन हातात घेऊन सुनंदाताईंना सांगितलं, की तुमच्या ढिगातल्या कोणत्याही दहा विटा घ्या, निवडू नका, मधे गारा, म्हणजे मातीचा चिखल, लावून ओळीत ठेवा, आणि सगळ्या मिळून लांबी सांगा. ती लांबी दहानं भागायची. फोन ठेवून मला म्हणाले, "एका मानसावरून गाव नाई मोजत. अन् तू तं पाटलावरून मोजलं."

मी मूळ वीट बदलली. पडद्यावरच्या साऱ्या विटा एका झटक्यात आखडल्या आणि सगळीकडे फटी पडल्या, जणू भट्टीचे दात पडले. पण खरे थर माझ्याकडे दोनच होते, एक असा आणि एक सांधा मोडलेला. बाकीचे त्यांच्या नकला. ते दोन सरकवले तसे खालचे वरचे सगळे सरकले. कमानीला आणि कोपऱ्यांना दुपार गेली. संध्याकाळी पाचला चोवीस नवे कागद तयार होते.

"कॅलेंडरवर हे करायले मले दिवाळी लागली असती," काकाजी म्हणाले. मग जरा थांबून, "पयल्या कागदाच्या आधी एक कागद जोड. त्याच्यावर लिही, आपल्या दहा विटा मोजा. अन् शेवटी एक जोड. लिही, साचा आत बसून काढावा, अन् एक कप चहा होईस्तोर बाहेर येऊ नये."

साहेब म्हणाले, हा शेवटचा कागद काढून टाका, वरचे लोक हसतील. मी काढला नाही. तिरसट स्वभावाचे काही फायदे असतात.

साचा उतरवायच्या दिवशी काकाजी माझ्या गाडीवर मागे बसून हिंगणीला आले. डॉक्टरांना सांगू नको म्हणाले. भट्टी तयार होती. आता आत कोण बसणार? मिस्त्री म्हणाला, मी कागदात होतं तसं लावलं, कमान माझी कशी? बाया म्हणाल्या, आम्ही फक्त गारा केला. साहेब मोबाइल पाहायला लागले. मला वाटलं, काकाजी टोपी काढून आत शिरतील. ते एका पालथ्या माठावर बसून होते, काळा चश्मा लावून.

"कमान ज्याची, आत तो," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "माही नाई हे. मी बसलो तं काय कळन, मी तं बसतोच."

मी घाबरले. सरळ सांगते, मनात त्या म्हाताऱ्याला मी दोन शिव्याही घातल्या. पण शिरले. आत दिवस मावळल्यासारखा उजेड होता आणि ओल्या मातीचा वास. मी हातोडीनं एक पाचर काढली, दुसरी काढली. साचा दोन बोटं खाली बसला. वरून थोडी माती माझ्या केसांत पडली आणि मग काहीच पडलं नाही. जाळाच्या तोंडातून काकाजींचा हात कप घेऊन आत आला.

"पी. घाई नोको करू."

मी प्याले. मला त्या चहाची चव अजिबात आठवत नाही. बाहेर पाहिलं तर भोकातून ते दिसत होते. भिंतीवरून बोटं फिरवत, ओठ हलवत, विटा मोजत चालले होते. तेराव्या थराच्या कोपऱ्याशी थांबले. ती वीट त्यांनी दोन्ही हातांनी चाचपली, पुरी आहे का ते पाहायला. मग पुढे गेले आणि भोकातून दिसेनासे झाले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नालवाडीला, त्यांच्या घरी, पुढच्या उन्हाळ्यात. ओसरीत खाटेवर चहा पीत बसले होते. दुसरा डोळाही आता नावापुरता होता. भिंतीवर पपईचं कॅलेंडर टांगलेलं, पपई समोर करून. मी बातमी घेऊन गेले होते. हिंगणीच्या बायांनी शेजारच्या गावात दुसरी भट्टी बांधली होती, आमच्याच कागदांवरून. मला फोन केला नव्हता, मिस्त्र्यालाही विचारलं नव्हतं. कळलं तेव्हा भट्टी तीनदा पेटून झाली होती.

"मले बी नाई केला फोन," काकाजी म्हणाले. बराच वेळ काठीच्या खाचांवरून अंगठा फिरवत राहिले. "विटा मोजल्या होत्या का त्याइनं?"

"मोजल्या. दहा. कागदाएवढ्याच भरल्या."

"आत कोन बसलं होतं?"

"सुनंदाताई."

"चहा देल्ला होता का तिले?"

ते काही मी विचारलं नव्हतं. काकाजी एकदम चिडले. "मंग इचारलं काय तू? लाव फोन. आताच लाव."

मी फोन लावला, आवाज मोठा केला. पलीकडून सुनंदाताई म्हणाल्या, "हाव नं काकाजी, कागदावर लिहेल हाये तं! बसली मी. दोन कप पेली."

"दोन? एकच लिहेल हाये."

"आतमंदी लय थंडगार वाटे. बाया म्हने, बाहेर ये, बाहेर ये. म्या म्हनलं, आना अजून एक."

फोन ठेवला. काकाजी हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते नेहमीचं की दुसरं, मला सांगता येणार नाही.

"चाळीस वर्सं बसलो आत," ते म्हणाले. "मले कोनी दुसरा कप नाई इचारला."

मी उठून आत गेले आणि त्यांच्या सुनेला आणखी एक चहा ठेवायला सांगितला. तो त्यांनी सावकाश, बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. साखर कमी पडली म्हणाले.